दोन उंचवटे

विरारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती एकाच रविवारी आली. वसईच्या एका कारखान्यात ती बोल्टांची जाडी तपासायची. मापं जुळत नव्हती आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, या बाईला मोजताच येत नाही.

वहीतली मापं तिने एका बोटाने, ओठ हलवत एक्सेलमध्ये भरली. मी सरासरी काढून घंटेच्या आकाराचा सुबक वक्र काढून दिला.

तिने वक्राच्या मधल्या टोकावर बोट ठेवलं. "मधल्या मापाचे बोल्ट सगळ्यात जास्त दाखवतंय. तसे मला मिळालेच नाय."

"हा चार्ट असाच येतो."

"मग चार्ट खोटा हाय. मी मोजलंय तेच काढा, सर."

मी प्रत्येक मापाच्या बोल्टांचे उभे खांब काढले. मध्ये खड्डा आणि दोन बाजूंना दोन उंचवटे. इतकी वर्षं मी मुलांना वक्र शिकवत होतो, पण त्याखाली काय झाकलं जातं ते कधी पाहिलं नव्हतं.

ती ताडकन उभी राहिली. "दोन मशीन हायत आमच्याकडे. त्यातली एक बिघडलीय. मी नाय."

प्रिंट हातात आल्यावर तिने पेन मागितलं आणि चार्टखाली ठसठशीत अक्षरांत 'मोजणारी' लिहून स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"आता म्हनू दे त्याला."