अकरा पांघरुणं

जगाच्या पाठीवर कुठंही लढाई पेटली, की तिची पहिली झळ डहाणूत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला लागायची. तिथं बाई राहायच्या. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत आणि तरीही कधी कुणाचा घोटाळा होत नसे. बोर्डीच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ वारलेला, एक पुतण्या वडोदऱ्याला. दोन खोल्या, एक रेडिओ, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि खाटेखाली, कपाटात, तांदळाच्या रिकाम्या डब्यात, जिथं म्हणून जागा सापडेल तिथं लोकर. डहाणूची थंडी ती केवढी? पहाटे पंखा एकवर आणायचा, संपली थंडी. अशा गावात, मे महिन्यात सगळं डहाणू अंगावर ओला टॉवेल टाकून पडलेलं असताना, बाई मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन विणत असायच्या. घामानं चष्मा नाकावरून घसरायचा. तो कोपरानं वर ढकलायच्या, कारण हात रिकामे नसायचे.

जिन्यात भेटल्या की नमस्काराऐवजी त्या ‘आज उणे तीन’ असं काहीतरी म्हणायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंनी मला गुण दिले. मग कळलं, कुठल्यातरी लांबच्या देशात घरं सोडून तंबूत राहायला आलेल्या मुलांच्या छावणीचं ते तापमान होतं. बाई ते रेडिओवर ऐकून, पेपरात शोधून, रोज वहीत उतरवायच्या. देशाचं नाव मात्र तोंडातून काढायच्या नाहीत. ‘पस्तीस अक्षांशावर’ म्हणायच्या. नाव घेतलं की माणसं वाद घालत बसतात, अक्षांशाशी कुणाचं भांडण नसतं, असं त्यांचं मत होतं.

मी पाटबंधारे खात्यातला कारकून. साताऱ्याहून बदली होऊन आलो. मुलीची शाळा तिकडे, म्हणून बायको-मुलगी तिकडेच राहिल्या. पहिल्या वर्षी घरी रोज अर्धा अर्धा तास फोन व्हायचा. पुढं तो ‘जेवलात का’ आणि ‘ठेवू का’ एवढ्यावर आला. असाच एका रविवारी फोन ठेवून बसलो होतो, तर दार वाजलं. बाई.

“तुम्हाला हात आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आहेत,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“मग शनिवारी चारला वर या. आणि नखं कापून या, लोकर अडकते.”

असा मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी विणकामाला लागलो. माझं नाव बाईंनी कधी विचारलं नाही. मला त्या ‘पाटबंधारे’ म्हणत. “पाटबंधारे, सुलटा टाका घ्या. उलटा नव्हे. नदी वरून खाली वाहते, तशी सुई जाऊ दे.”

शनिवारी आम्ही चौघं असायचो. बाई, मी, लोकरीच्या दुकानवाल्या ज्योत्स्नाबेन आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. दुकान कसलं, बटणं, रिबिनी आणि अस्तरं. लोकर तिथं फक्त बाईंसाठी वापीहून यायची. ज्योत्स्नाबेन गप्पा मारत विणायच्या आणि गप्पा रंगात आल्या की चौकोन रुंद व्हायचा. बाईंनी तो पट्टीनं मोजला की त्या हसून म्हणायच्या, “चालशे बाई, चालशे! थंडी काय पट्टी घेऊन येते?” बाई म्हणायच्या, “येते.” आणि उसवून परत द्यायच्या. कारण हिशेब ठरलेला होता: आठ इंचाचा एक चौकोन, असे तीस जोडले की एक पांघरूण. प्रत्येक चौकोनाला दहापैकी गुण. माझा पहिला चौकोन त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “पाटबंधारे, हा चौकोन नाही. ही श्रीलंका आहे.” दोन गुण मिळाले. तेही, त्या म्हणाल्या, श्रीलंका बरी जमली म्हणून.

गार्डसाहेबांचं उलट. त्यांचा टाका इतका घट्ट, की सुई आत शिरताना त्यांच्याही कपाळावर शीर उठायची. मी एकदा गमतीनं म्हणालो, “साहेबांच्या चौकोनातून बंदुकीची गोळीसुद्धा जायची नाही.” कुणी हसलं नाही. बाईंनी सुया मांडीवर ठेवल्या, चष्मा काढून पदरानं पुसला. “तसं विणता येत असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी झोपलेच नसते.”

पण बाईंचा खरा पराक्रम म्हणजे बर्फाचा कारखाना. पहिलं पांघरूण पुरं झालं, तेव्हा त्यांना शंका आली, की हे उबदार आहे हे आपण कशावरून म्हणतो? डहाणूच्या हवेत सगळंच उबदार. खाडीकडे मासळीसाठी बर्फ करणारा एक कारखाना आहे. बाई पांघरूण पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन तिथं गेल्या. मालक त्यांचा विद्यार्थी निघाला. डहाणू ते बोर्डी पट्ट्यात निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी होती आणि उरलेली निम्मी त्या विद्यार्थ्यांचे नातेवाईक, त्यामुळं बाईंना ‘नाही’ म्हणणारं माणूस मिळणं कठीण. लाद्यांच्या खोलीत त्यांनी खुर्ची मागवली, पांघरूण गुंडाळून बसल्या आणि मला घड्याळ धरून दारात उभं केलं. मासळीच्या टोपल्या घेऊन आलेल्या बायका वाकून वाकून बघू लागल्या. “म्हातारीला काय झालंय?” एकीनं मला विचारलं. मी म्हणालो, “परीक्षा चालू आहे.” वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. ओठ निळे, पण चेहरा प्रश्न सुटल्यासारखा. “कडेनं वारा शिरतो,” म्हणाल्या. “सगळीकडून चार बोटं कड वाढवायची.” मग तीन दिवस तापानं पडून होत्या आणि पडल्या पडल्या कड विणत होत्या.

त्या तापातच एकदा मी पेज घेऊन वर गेलो आणि धीर करून विचारलं, की बाई, हे सगळं कशासाठी? आपला काय संबंध? त्यांनी समोरच्या नकाशाकडे पाहिलं. “एकतीस वर्षं मुलांना ते देश दाखवले,” म्हणाल्या. “राजधानी विचारली. नद्या विचारल्या, पिकं विचारली. नाही सांगता आलं तर हातावर पट्टी मारली. तिथं मुलं राहतात, हे एकदाही सांगितलं नाही हो. मलाच सुचलं नाही.” आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. पेज तशीच राहिली.

वर्षभरात अकरा पांघरुणं झाली. मुंबईतली एक संस्था ती गोळा करून पुढं पाठवणार होती. बाईंनी प्रत्येकाची घडी घातली, कडुनिंबाचा पाला ठेवला, कोणतं पांघरूण किती वर्षांच्या मुलाला पुरेल त्याच्या चिठ्ठ्या टाचल्या. आणि डिसेंबरात संस्थेतून फोन आला, की पुढचा रस्ता बंद झालाय; गेल्या वर्षीचंच सामान गोदामात पडून आहे, तूर्त पाठवू नका. बाई नुसतं “बरं” म्हणाल्या. अकरा पांघरुणांची चळत खाटेवर ठेवली आणि स्वतः खाली चटई टाकून झोपू लागल्या. खाटेवर दुसऱ्या कुणाचं तरी सामान आहे, असं म्हणायच्या.

त्याच आठवड्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. कासा गावाच्या पुढं, डोंगराच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत ती शिक्षिका होती. मीही तिथं होतो. तिनं चळत पाहिली, हात फिरवला आणि म्हणाली, “बाई, आमच्याकडं सकाळी पोरं शेकोटीला बसल्याशिवाय अक्षर काढत नाहीत. बोटं वळत नाहीत त्यांची. ही द्या ना आम्हाला.”

“ती दुसऱ्यांची आहेत,” बाई म्हणाल्या.

“ती दुसरी पोरं कुठं आहेत, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, बाई. आमची पोरं इथून दीड तासावर आहेत.”

ती चहा न घेताच गेली. त्या शनिवारी बाईंनी दार उघडलं नाही. ज्योत्स्नाबेन जिन्यात उभ्या राहून हाका मारून दमल्या. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर बाई खाली उभ्या. पायाशी दोन बोचकी, अंगावर इस्त्रीची साडी.

“पाटबंधारे, आज रजा टाका.”

एसटीतून आशागड मागं पडलं, चारोटी गेली. कासाला उतरून जीप धरली. एक बोचकं मांडीवर, एक माझ्या मांडीवर. शाळेच्या दोन खोल्या, पुढं कापणी झालेली भातखाचरं. पहिलीत नेमकी चौदा मुलं निघाली. पांघरुणं अकरा. बाईंनी मुलं पुन्हा मोजली, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर ती कमी होणार होती. शेवटी सख्ख्या भावंडांच्या तीन जोड्या निघाल्या, त्यांना जोडीत एकेक दिलं आणि प्रश्न सुटला. पण बाईंना ते पुरे नव्हतं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर, समोर काही न ठेवता, तो देश काढला. किनारा कुठं चुकला नाही. “ही पांघरुणं तुमच्यासाठी विणलेली नव्हती,” त्यांनी मुलांना सांगितलं. “इथं लढाई चालू आहे. इथल्या मुलांसाठी होती. रस्ता बंद झाला, म्हणून तुम्हाला दिली. खोटं सांगून द्यायची नाहीत, म्हणून सांगते.”

शिक्षिकेनं मान खाली घातली. मलाही वाटलं, हे कशाला सांगायचं? मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. पांघरूण डोक्यावरून घेतलेलं, नुसतं तोंड बाहेर.

“मंग रस्ता उघडला का आमी परत द्याची?”

“नको,” बाई म्हणाल्या. “नको गं. तोवर मी दुसरी करते.”

मुलगी बसली नाही. फळ्याकडे बोट करून तिनं विचारलं, “त्या पोरांची नावं काय?”

“मला माहीत नाही,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या. परतताना जीपमध्ये त्या मला म्हणाल्या, “चांगली विद्यार्थिनी आहे.”

रस्ता उन्हाळ्यात उघडला. तोवर आम्ही सात पांघरुणं केली. ती गेली. पुष्कळ दिवसांनी संस्थेचा निरोप आला, ‘पोचली’. बाईंनी फोन करून विचारलं, कुणाला? संस्थेतल्या मुलीला ते सांगता येईना. बिचारी, तिचाही काय दोष! बाईंनी वहीत ‘पोचली’ लिहिलं आणि पुढं जागा मोकळी सोडली.

त्यानंतर सगळं हळूहळू विसकटलं. गार्डसाहेब मुलाकडे विरारला गेले. ज्योत्स्नाबेन नातवात गुंतल्या. काही शनिवार वर आम्ही दोघंच असायचो. मग बाईंची बोटं सुजू लागली. सांधे धरले. सुई हातातून पडली की त्या ती उचलण्याआधी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसायच्या. एक दिवस त्यांनी पन्नास टाके घातले आणि चौकोन पुरा करण्यासाठी सुई माझ्यापुढे धरली. दिवाळीनंतर पुतण्या येऊन त्यांना वडोदऱ्याला घेऊन गेला. उरलेली लोकर त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून विचारलं, “आठ इंच म्हणजे किती?” मी हातानं दाखवलं. “मोठं होतंय,” त्या म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर आता बँकेतलं एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, पण जिन्यात भेटली तर फोनमध्ये असतात. माझी बदली अजून झालेली नाही. मुलगी कॉलेजात गेली. मी सुट्टीत साताऱ्याला गेलो की तिला आणि तिच्या आईला माझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही, आणि मला तर मुळीच नाही.

शनिवारी चारला मात्र फोन वाजतो. “सुरू करा,” बाई म्हणतात. मी फोन टेबलावर ठेवतो आणि विणायला घेतो. बोलायचं नाही, असं त्यांनीच ठरवून दिलंय. तिकडून पुतण्याच्या घरातला कुकर ऐकू येतो, गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी येते, कधी बाईंचा श्वास. इकडून त्यांना सुयांचा आवाज जातो. तासभर आम्ही असे बसतो. मध्येच कधी माझे हात थांबतात.

“काय झालं?” त्या विचारतात.

“टाका गळला, बाई.”

“सावकाश शोधा,” त्या म्हणतात. “मी आहे.”