चार कोअर आणि पोळपाट

बाळांनो, मागच्या रविवारी तुमच्यापैकी मोठ्याने विचारलं, "आजी, तुझ्याकडे बाबांचे तीन जुने लॅपटॉप आहेत ना? त्यातला सगळ्यात चांगला प्रोसेसर कुठला?" मी म्हटलं, लिहून कळवते. आमची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत. महिनाअखेरीस घर रिकामं करायचं आहे. कपाटावर काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तोपर्यंत ठरवावंच लागेल, म्हणून आताच लिहिते.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं, तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. तरी मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे बाबांना वाचून दाखवायला सांगा. त्यांना मराठी उत्तम वाचता येतं.

तुमचे आजोबा हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रांवर होते. कारखाना आधी आटला, मग बंद झाला आणि त्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. तुमच्या बाबांची पहिली नोकरी त्याच इमारतीत. आजोबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. "माझा लेथ होता तिथेच याची खुर्ची असेल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मग बाबा सहा महिन्यांसाठी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी, गेले. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत.

पहिला लॅपटॉप त्यांनी पहिल्या सुट्टीत आणला. आकाराने विटेएवढा जाड, वजन तसंच. त्यात म्हणे मोठ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बसवला होता आणि त्याचा आकडा तीन गिगाहर्ट्झच्या वर होता. "बाबा, हा टॉपचा आहे. मी नवीन घेतलाय, हा तुम्हाला. रोज बोलू यावर." तो सुरू केला की पंखा मिक्सरसारखा ओरडे आणि खालून चटका बसे. आजोबांनी माझा पोळपाट उचलला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. खालून हवा खेळली, चटका गेला. मला स्वयंपाकघरात दुसरा पोळपाट आणावा लागला.

रोज बोलणं रविवारवर आलं.

दुसरा लॅपटॉप काही वर्षांनी आला. तोही टॉपचा आणि तोही बाबांचा वापरून झालेला. त्याचा आकडा पाहून आजोबा गंभीर झाले. "अगं, दोन पॉइंट दोनच आहे. आधीचा तीनच्या वर होता. पोराचं तिकडे काही बिघडलंय का?" गुण कमी पडले की प्रगतिपुस्तक बघून बाप काळजीत पडतो, तसा चेहरा झाला होता.

ते रिक्षा करून बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेले, मलाही नेलं. दुकानदाराने लॅपटॉप उलटापालटा केला.

"विकायचाय का?"

"नाही. समजून घ्यायचाय."

"मग कॉलेजात जा ना, आजोबा."

तरी त्याने सांगितलं. आकड्यावर जाऊ नका. आधीचा मोठ्या आकड्याचा आहे, पण डोकं तापलं की आपणहून हळू होतो. याला चार कोअर आहेत, म्हणजे चार माणसं काम वाटून घेतात. मग कुठली बटणं एकदम दाबायची ते दाखवून म्हणाला, "ही हिरवी रेघ बघा. प्रोसेसर किती राबतोय ते कळतं. खाली असली की मोकळा, वर गेली की दमला. आता उठा, मागे गिऱ्हाईक आहे."

आजोबांना ती रेघ फार आवडली. कारखान्यात यंत्राच्या डायलकडे बघत उभं राहायची त्यांची सवय होती, ती पुन्हा लागली. लॅपटॉप उघडला की एका कोपऱ्यात रेघ चालू.

आमच्या गेटजवळ सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळी तिथे परदेशी गेलेल्या मुलांचे आईबाप बसत. मुलं कधी येणार हे तिथे कोणी कोणाला विचारत नसे. तो शिष्टाचारच होता. त्याऐवजी मुलांनी मागे ठेवलेले लॅपटॉप मोजत. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांची मुलगी तुमच्याच देशात आहे, ते रोज सुरुवात करत.

"आमचा दोन पॉइंट आठ. तुमचा?"

"दोन पॉइंट दोन. पण कोअर चार."

"चार घेऊन करता काय हो?"

"मुलाला बघतो."

"मुलीला तर मीही बघतो."

"तुमचे कोअर दोन, तुम्ही दोन बाजूंनी बघता. मी चारी बाजूंनी बघतो."

सगळे हसत. मीही हसले आहे. चित्रपट तयार करता येतील एवढ्या ताकदीची यंत्रं आणि त्यांच्यावर आठवड्यातून एकदा "जेवलात का?" एवढंच विचारायचं. तोफ घेऊन मंडईत कोथिंबीर आणायला जावं, तसं.

मग आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, जपून राहा म्हणाले. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "मला आता एकच विचारायचंय त्याला. परत येणार आहेस की नाही. हो म्हण, नाही म्हण. नाही म्हणाला तरी मला चालेल. पण सांगू दे."

त्या रविवारी त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "बाबा, तुमचा आवाज तुटतोय. मशीन जुनं झालंय, हँग होतंय. मी नवीन आणतो. ठेवतो हं."

मी शेजारीच होते. पडद्यावर बाबांचा चेहरा स्वच्छ होता. मागे धाकटी तू चमच्याने वाटी वाजवत होतीस आणि तो टणटणाट अखंड ऐकू येत होता. कोपऱ्यातली हिरवी रेघ तळाशी सपाट होती.

पुढच्या रविवारी आजोबांनी आधी तिकडची थंडी विचारली, नीट उत्तर आलं. ऑफिस विचारलं, तुमची शाळा विचारली, नीट उत्तरं आली. मग तो प्रश्न विचारला आणि मशीन हँग झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. एवढ्या ताकदीचं यंत्र, पण ठरावीक प्रश्नालाच हँग व्हायचं.

आजोबांनी झाकण मिटलं. मला म्हणाले, "प्रोसेसर मोकळा होता." त्या विषयावर ते एवढंच बोलले. मुलाला त्यांनी कधीही सांगितलं नाही की मी रेघ बघत होतो.

एकदा संध्याकाळी बाकावर बँक मॅनेजरांनी शिष्टाचार मोडला. आजोबांची तब्येत बघून असेल. "मुलगा काय म्हणतोय? येणार का परत?"

आजोबा म्हणाले, "अहो, मशीन जुनं झालंय आमचं. त्याला ऐकूच जात नाही."

"चार कोअरचं?"

"हो. काही कामाचं नाही ते."

ज्या यंत्राची ते वर्षानुवर्षं फुशारकी मारत आले, त्यालाच त्यांनी सगळ्यांसमोर खोटं पाडलं, मुलाला पाडलं नाही. त्यानंतर बाकावर प्रोसेसरचा विषय निघाला नाही.

आजोबा उत्तर न ऐकताच गेले. तुमचे बाबा दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचले. सोबत तिसरा लॅपटॉप होता, वहीएवढा पातळ. "आई, हा बघ. पंखाच नाही याला. हा कधीच हँग होणार नाही."

मी म्हटलं, "चालेल. आता विचारणारंही कोणी नाही."

त्यांनी मान खाली घातली. त्यांना समजलं की नाही, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारण्याने काही मिळत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिला मोठ्या आकड्याचा, तापट, आणि आता मेलेला. तिसरा गार, शांत, दिसायला देखणा; त्याची बॅटरी फुगली, झाकण लागेना, म्हणून तो मी जुन्या वस्तू गोळा करायला आलेल्यांना दिला. पहिलाही त्यांनाच दिला. तुमच्या बाबांनी तिन्ही द्यायला सांगितलं होतं. दुसरा दिला नाही. तिघांत तोच चांगला होता आणि त्याने कधीही कोणाला फसवलं नाही.

तो अजून सुरू होतो, थोडा वेळ घेतो. हिरवी रेघ आजोबांनी ठेवली होती त्याच कोपऱ्यात उघडते. नव्या जागेत मी तो आणि त्याच्याखालचा पोळपाट, दोन्ही नेते आहे.