पावफेऱ्याहून जास्त

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पावफेरे काका म्हणतात. नट बोटांनी आवळायचा, मग पान्याने फक्त पाव फेरा, हा मंत्र ते तीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात कोंबत आलेत. दवाखान्यांना जाणारा ऑक्सिजन शुद्ध आहे का, हे आमची यंत्रं सांगतात. त्यांचे व्हॉल्व्ह उघडून, पुसून पुन्हा बसवणं हे काकांचं काम. स्वभाव तिखट. आतल्या चकतीला कुणी उघडं बोट लावलं की "जेवायला बसलायस का?" म्हणून खेकसतात.

गेल्या महिन्यात त्यांनी एक व्हॉल्व्ह साफ करून बसवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र प्रत्येक सिलिंडरमध्ये नायट्रोजन दाखवू लागलं. म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत शिरत होती. काकांनी व्हॉल्व्ह तीनदा उघडला, तीनदा पुसला. नायट्रोजन हटेना. साहेब म्हणाले, "आता बाहेरचा माणूस बोलावू."

काकांनी पाना पुसून जागेवर ठेवला. ते खेकसले नाहीत, याचीच मला धास्ती वाटली. हल्ली त्यांचे हात जरा थरथरत. दुपारी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. व्हॉल्व्हच्या कामातून मोकळं करावं, अशी विनंती होती.

"हाताला अंदाज राहिला नाही, पोरी. नळीचा नट मीच जास्त आवळला असणार. त्याच्या आतली, नळीवर बसणारी कडी चेपली की फट राहते आणि नमुन्याबरोबर हवाही ओढली जाते. व्हॉल्व्ह तीनदा उघडला, पण तो नट उघडून बघायचा धीर होत नाही."

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

"काका, तो नट मी आवळला. त्या पहिल्या दिवशी, तुम्ही घरी गेल्यावर. म्हटलं, अजून घट्ट असलेला बरा."

"किती?"

"अर्धा फेरा. जोर लावून."

जास्त आवळल्यानेही गळतं, हे त्यांच्या हाताखाली तीन वर्षं ऐकूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. आता सालटी निघणार, म्हणून मी मान खाली घातली. काका मटकन खुर्चीत बसले आणि दोन्ही हात पुढे धरून बघत राहिले.

मग उठून त्यांनी स्वतः नवी कडी घातली. अर्ध्या तासात नायट्रोजन गायब. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. काकांनी घरी फोन लावला. "अगं, माझे हात शाबूत आहेत! चूक पोरीची आहे!"

संध्याकाळपर्यंत ते शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला माझी चूक रंगवून सांगत फिरले. मीही त्यांच्या मागोमाग फिरले आणि प्रत्येकाला म्हणाले, "हो, माझीच."