कानाखालचा तीळ

व्हेल्मा लुंडक्विस्टसारखी रेघ आमच्या कार्टून-फिल्मांच्या स्टुडिओत कुणाचीच नव्हती. वरच्या मजल्यावरचे पुरुष पेन्सिलीने चित्रं काढायचे आणि खाली आम्ही बायका ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायचो. केसभर फरक चालत नसे, आणि तो पकडणं हे माझं काम होतं.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या जानेवारीत, ऐन युद्धात, सरकारी कार्टूनचं काम आलं. एक कोंबडा वेळेवर कर भरतो, त्याच्या नाण्यांचे तोफगोळे होतात आणि ते जपानी सैनिकाच्या टाळक्यात बसतात. कर भरायला माझी ना नव्हती, माझा भाऊही आघाडीवर होता. पण त्या सैनिकाचं चित्र समोर आलं आणि व्हेल्मा टाक टेकवेना.

"इडी, इकडे ये. हा कोण, सांग."

पुढे आलेले दात, डोळ्यांच्या फटी, ही नेहमीची घाण होतीच. पण डाव्या कानाखाली वाटाण्याएवढा तीळ होता. हे तर मिस्टर ओकुमुरा! त्यांची मुलगी हिसाको गेल्या वर्षापर्यंत व्हेल्माच्या शेजारी बसायची. म्हातारा मोसमात दर शनिवारी आमच्यासाठी टोपलीभर स्ट्रॉबेऱ्या आणायचा. जपानशी युद्ध पेटल्यावर सरकारने इथल्या जपानी वंशाच्या लोकांना उचललं, आणि आता बापलेक वाळवंटातल्या छावणीत, काटेरी तारांच्या आत होते.

चित्र वरच्या मजल्यावरच्या डेंटनचं होतं. त्या टोपलीत सगळ्यांत आधी हात घालणारा तोच. व्हेल्मा तडक वर गेली, मीही मागोमाग गेले.

"अगं, गंमत आहे," तो म्हणाला. "आपण एकमेकांची थट्टाचित्रं भिंतीवर लावतोच की."

"एकमेकांची लावतो. ते कुठे आहेत भिंत बघायला?"

"तू रेघ ओढ बाई. शुक्रवारी माल द्यायचाय."

तो दात कोरत होता.

व्हेल्माने दोनशे बारा पत्रे गिरवले. एकावरही तीळ नव्हता. ते माझ्या टेबलावर आले, आणि मला दिसलं. दिसण्याचाच तर मला पगार होता. मी चूक दाखवणाऱ्या दोनशे बारा लाल चिठ्ठ्या लावून गठ्ठा परत नेला. मला नोकरी टिकवायची होती, बाकी काही नाही. त्याला देशप्रेम म्हणण्याइतकी निर्लज्ज मी अजून झालेली नाही.

"तुला दिसलंच नाही, असं नाही का होणार?" तिने हळूच विचारलं.

"वरचे बघतील. मग दोघी घरी बसू."

ती मान खाली घालून एकेका पत्र्यावर तीळ शाईने उमटवत गेली.

एप्रिलमध्ये हिसाकोचं पत्र आलं. व्हेल्माने ते माझ्यापुढे टाकलं. छावणीच्या जेवणघरात ते कार्टून दाखवलं होतं. कर तिथल्यांनाही चुकला नव्हता. पोरं आधी खूप हसली. मग एकाने वळून हिसाकोच्या वडिलांकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच. 'बाबा आता जेवायला बाहेर येत नाहीत, मी ताट खोलीत नेते. शाई कुणाची होती, तेवढं कळव.'

"काय कळवलंस?" मी विचारलं.

"माझी होती म्हणून."

"तीळ तू आधी गाळला होतास, ते?"

"नाही."

"आणि मी परत पाठवले, ते?"

व्हेल्माने टाक पुसून ठेवला. "ते तुझं तू लिही."

तिने छावणीचा पत्ता एका लाल चिठ्ठीवर लिहून दिला. मी तो घेतला, आणि लिहिलं नाही.