उन्हात आलेलं पाणी

कारगिलच्या आदल्या वर्षी आमची प्लाटून हुबळीला आली. काम रूट रेकीचं. हुबळीच्या पूर्वेला काळ्या रानात बैलगाडीच्या वाटा आहेत. त्यांवरून थ्री-टनर ट्रक जाईल का, ओढे कुठं ओलांडता येतील, हे पाहून नकाशावर मांडायचं. मी हवालदार. शाळा चौथीपर्यंत, पण नकाशा वाचण्यात मला प्लाटूनमध्ये कोणी हरवलं नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

माझ्या सेक्शनचा ड्रायव्हर लान्स नायक परशुराम. अळणावरजवळच्या खेड्यातला. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि लहानपणापासून जंगलातला पाऊस. काळ्या रानातला ओढा बघून तो हसला.

"हवालदारसाब, ह्यात बेडूक तरी बुडेल काय?"

ओढ्याला तिकडं हळ्ळ म्हणतात. मधे स्वच्छ वाळू, एका कडेनं घोटाभर पाणी, आणि दोन्ही काठ पुरुषभर उंच, सुरीनं कापल्यासारखे. मला प्रश्न पडला. एवढंसं पाणी, मग एवढे काठ कापले कोणी?

"जुने असतील," परशुराम म्हणाला. त्याचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही.

त्या दिवशी आपली कोजागरी, तिकडची शीगी हुण्णिमे. घरची सगळी माणसं गाडी जुंपून रानात जातात, उभ्या पिकाची पूजा करतात, शेतात नैवेद्य शिंपडतात आणि तिथंच जेवतात. पण आधी आठवडाभर पाऊस झाला होता. काळा चिखल पायाला शेर-शेर चिकटत होता. जेवायला बसायचं कुठं? म्हणून दोन घरची माणसं हळ्ळात उतरून वाळूवर बसली होती. बायका, पोरं, दोन गाड्या. बैल सोडून गाडीच्या चाकांना बांधलेले. आमची थ्री-टनर वर काठावर होती.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्या अक्कानं आम्हाला हाक मारली. "बर्री, ऊटा माडर्री!"

जेवायला या म्हणत होती. मी म्हटलं, "ड्युटीवर आहोत, अक्का."

"ड्युटीवाल्याला पोट नसतं काय?"

परशुराम तोवर हात धुवून बसलाही होता. भाकरी, वांगं, शेंगाचटणी, होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. मी अक्काला काठांचं विचारलं. ती म्हणाली, "पाणी येतं की. पण रात्रीचं येतं. आभाळ भरलं तर आम्ही उतरतच नाही."

आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

तेवढ्यात वायरलेस बोलला. आमचा दुसरा सेक्शन ओढ्याच्या वरच्या अंगाला, बराच लांब होता.

"एक नंबर, इथं दोन नंबर. सकाळपासून धुवांधार पाऊस. गाडी रुतली. ओव्हर."

"दोन नंबर, इथं कडक ऊन. होळगी खातोय. ओव्हर."

"खा लेको. आउट."

आज कोणी म्हणेल, तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्यानं त्या उन्हात बसून दाखवावं.

दीडच्या सुमाराला आवाज आला. गाडी पहिल्या गिअरवर चढ चढते तसा. मी रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा. मग ओल्या मातीचा वास आला. ओढ्याच्या वळणावरून जे आलं ते पाणी वाटलंच नाही. काटेरी फांद्या, धाटं आणि फेस यांचा ढीग लोळत आला. पाणी त्याच्या मागं होतं.

"सगळे वर! पोरं आधी!"

आम्ही पोरं उचलून वर फेकली, आधी वर पोचलेल्यांनी झेलली. अक्काला मी पाठीवर घेतलं. पाणी गुडघ्याला होतं, काठ चढेपर्यंत कमरेला. सगळी माणसं वर आली. मी मोजली. परशुराम अजून खाली होता.

"परशुराम, वर ये!"

"बैल बांधलेत, साब. सोडतो नि आलो."

"ऑर्डर आहे, वर ये!"

"एवढं काय, साब? आमच्याकडं पाणी चढायला अख्खा दिवस लागतो!"

हे तो हसत म्हणाला. त्याच्या गावचा ओढा तसाच होता. पहिल्या गाडीचे दोर कापले, दुसऱ्या गाडीचेही कापले. चारही बैल पोहत काठाला लागले. मग पाण्यानं दुसरी गाडी उचलली आणि ती त्याच्यावर उलटली. मी दोर टाकला. पण तो धरायला तिथं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो खाली बाभळीत सापडला. हळ्ळात तेव्हा घोटाभर पाणी होतं.

मी त्याला घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, अप्पा, शेतकरी माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हवालदार, माझा परशा पुरात नदी पोहून जायचा. पाऊस नव्हता म्हणता. ओढा कोरडा म्हणता. मग पाणी कुठलं?"

वर लांब पाऊस होता म्हणालो, पण तो मातीत न मुरता एवढा खाली कसा आला, ते मलाच ठाऊक नव्हतं. गावात दहाव्याला बोलणं निघालं, की सणाचा दिवस होता, पोरगं प्यालं असणार, कोरड्या ओढ्यात शुद्धीतला माणूस बुडतो होय. मी तोंडावर सांगितलं, हे खोटं आहे. पण माझ्याकडं पुरावा नव्हता. आणि अप्पांनी मान खाली घातली होती.

पुढच्या उन्हाळ्यात रजा मागितली. कारगिल पेटलं, रजा गेली. त्यानंतरच्या वर्षी मिळाली, तेव्हा घरी न जाता हळ्ळावर गेलो. बायको आजही ते काढते. उगमापर्यंत पायी चाललो. उन्हानं जमीन फाटली होती, भेगांत माझा हात कोपरापर्यंत जायचा. एका भेगेत घागरभर पाणी ओतलं. सगळं गिळलं. दुसरी घागर, तीही गिळली. म्हणजे ही माती पाणी पिणारी. मग पूर कुठून येतो?

ते कळायला दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं. चार दिवस मिळाले, परत गेलो. पावसानं माती फुगली होती, एक भेग उरली नव्हती. घागर ओतली. थेंब आत गेला नाही, सगळं पाणी तेल लावलेल्या चामड्यावरून जावं तसं पळत ओढ्यात गेलं. वर सकाळी पाऊस पडला तर खाली दुपारी उन्हात पाणी येणार. एरवी पाऊस तिसऱ्या प्रहरी पडतो म्हणून पाणी रात्री पोचतं. त्या दिवशी पाऊस सकाळीच पडला होता.

मी पोतंभर काळी माती एस.टी.त घातली. कंडक्टर म्हणाला, "अज्जा, माती विकतोस काय?" मी पोतं सीटखाली सारलं. आजोबा म्हणण्याएवढा अजून म्हातारा झालो नव्हतो.

अप्पांच्या अंगणात दोन पाट्या तिरक्या ठेवल्या. एकीत त्यांच्या शेतातली तांबडी माती, दुसरीत ती काळी. दोन्ही भिजवून मुरू दिल्या. मग दोन्हींवर एकेक तांब्या ओतला. तांबडीतून पाणी सावकाश पाझरलं. काळीवरून ते धावत सुटलं आणि अप्पांच्या पायांवर पडलं.

अप्पांनी ओल्या पायांकडं पाहिलं.

"ही माती आधी सांगत नाही," ते म्हणाले.

"नाही सांगत, अप्पा."

त्यांनी काळ्या मातीची पाटी डोक्यावर घेतली. मी घेतो म्हटलं, दिली नाही. मारुतीच्या देवळापुढं पारावर माणसं बसली होती, दहाव्याला बोलणारीही होती. अप्पांनी पाटी त्यांच्यापुढं तिरकी ठेवली, देवळातली घागर मागून घेतली आणि स्वतः ओतली. दोघातिघांना पाय वर घ्यावे लागले.

"बघितलंत?" अप्पा म्हणाले. "माझा परशा शुद्धीत होता."

मी तिथं सावधान उभा राहिलो.