नावं कुणाची छापायची

मुलांनो, अंबाजोगाईहून आम्ही उजाडताच निघालो: मी आणि माझ्या भावाची नात केतकी. ती दुष्काळात टिकलेल्या बायकांच्या दूध संस्थेवर पीएच.डी. करते आहे. प्रबंध विद्यापीठात देण्याआधी एक प्रकरण त्याच बायकांना वाचून दाखवायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते वगळायचं, असं तिनं कबूल केलं होतं.

मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेतला. पुढे कोरडे ओढे, भेगाळलेली काळी रानं आणि मधूनच कडब्याच्या (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या) गंजी. गावाजवळ गाडीचं चाक मुरुमात रुतलं. उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो.

संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत सगळ्या सभासद जमल्या होत्या. केतकी वाचू लागली. थोड्या वेळानं अध्यक्ष सुभद्राबाईंनी तिला थांबवलं.

"आमची नावं कावून बदलली गं? चोरी केली का आमी?"

"माझं तर मोठ्या अक्षरात छाप," रुक्मिणबाई म्हणाल्या. "नातवाला दावीन."

केतकीनं संशोधनातला नियम सांगितला. मी मात्र बायकांची बाजू घेतली. संस्था यांनी जगवली, तर नावंही यांचीच हवीत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"माझं नगं," गयाबाई म्हणाल्या.

त्या दुष्काळी वर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर (ऊसतोडीला, नवरा-बायकोच्या जोडीनं) जावं लागू नये म्हणून त्यांनी कंबरदुखीचं सोंग घेतलं होतं. मुलीची बारावी होती. हे सगळं प्रकरणात आलं होतं.

"साऱ्या गावाला ठावं हाय," रुक्मिणबाई म्हणाल्या. "मालकालाच न्हाई. अजून तेल चोळतेत तिच्या कमरेला."

गयाबाईही हसल्या. पण पुन्हा म्हणाल्या, "नगं."

"मग तुमचं एकटीचं बदललेलं ठेवू," मी तोडगा काढला.

"बाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "बाकीच्यांची खरी छापल्यावर उरली ती कोन, हे मालकाला कळाया किती येळ?" मग त्यांनी सभेतल्यासारखा आवाज लावला. "ठराव. समद्यांचीच नावं बदललेली ऱ्हाऊ द्या. सूचक मी. अनुमोदक?"

रुक्मिणबाईंनी पदर सारखा केला आणि हात वर केला.

नंतर भाकरी, ठेचा आणि घट्ट दही जेवून आम्ही निघालो. नावं खरी असावीत, हे माझं मत कायम आहे. पण त्या मताची किंमत मला द्यावी लागणार नव्हती.

गावाचं नाव इथं का नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. वरच्या बायकांपैकी एकीचंही नाव खरं नाही. सुट्टीत आलात की तिकडे नेईन. तिथं कुणाच्याही कमरेची चौकशी करायची नाही.