मास्तरांची पिसेवाली पलटण

आमचे मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. दुकान इतकं अरुंद की माप द्यायला गिऱ्हाइकाने दोन्ही हात पसरले तर एक हात दुकानात आणि दुसरा रस्त्यावर. पण त्या दुकानात मास्तर ज्या थाटात बसतात तो थाट मी मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या साहेबांकडे पाहिलेला नाही. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की नजरेनेच माप होऊन जातं. टेप निघते ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "तुमची कंबर मागच्या खेपेपेक्षा दीड इंच पुढे गेलीय," असं त्यांनी मला चारचौघांत सांगितलं तेव्हा मला राग आला होता. घरी जाऊन मोजली. दीड इंच.

असा हा माणूस इटलीच्या सैन्यात कसा शिरला, ते सांगतो.

वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या रविवारी सकाळपासून आमची लढाई असते. टेबल टेनिसची दोन टेबलं जोडायची, त्यावर हिरवं कापड अंथरायचं, थर्माकोलचे डोंगर मांडायचे आणि इंचभर उंचीचे धातूचे सैनिक समोरासमोर उभे करायचे. किती पुढे सरकायचं ते टेपने मोजायचं आणि गोळी लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मोठी माणसं खेळण्यांशी खेळतायत. जवळ येऊन बघणाऱ्यालाही तसंच वाटतं. पण आमचा एक नियम फार कडक आहे. इतिहासात पोशाख जसा होता तसाच सैनिकाच्या अंगावर हवा. टोपीचा रंग चुकला तर त्या शूरवीराला सबंध युद्ध खोक्यात पडून काढावं लागतं.

हा नियम सरांचा. सर भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पहिल्या महायुद्धातलं इटलीचं सैन्य त्यांनी चाळीस वर्षं खपून जमवलं आणि रंगवलं. एकूण तीनशे बारा माणसं. त्यांतली शहाण्णव म्हणजे पिसेवाले. इटलीत अशी एक चपळ पलटण असते, तिच्या टोपीच्या एका बाजूला काळ्याभोर पिसांचा झुबका असतो. सरांनी रंगाच्या ब्रशाचे केस कापून ते शहाण्णव झुबके स्वतः केले आणि चिमट्याने एकेक चिकटवला. हे सैन्य टेबलावर नेमाने हरतं. पण हरताना काय दिसतं! पळतानासुद्धा इस्त्री मोडत नाही.

मास्तर पहिल्यांदा हॉलवर आले ते दातांच्या डॉक्टरांची पँट पोचवायला. हे डॉक्टर आमच्यात जर्मन सैन्य चालवतात. मास्तरांनी पँट त्यांच्या हातात दिली आणि निघता निघता टेबलाकडे बघितलं. मग अर्धा तास हललेच नाहीत.

"ही तिकडची माणसं कुणाची?" त्यांनी विचारलं.

"इटलीची," डॉक्टर म्हणाले. "काही जीव लावू नका. संध्याकाळपर्यंत संपतात."

"संपू देत," मास्तर म्हणाले. "बाकीच्या सैन्यांना नुसते सेनापती दिसतायत. याला शिंपी आहे."

सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. त्या दिवसापासून मास्तर आमचे झाले.

पाच वर्षं गेली. मास्तरांनी स्वतःचे सोळा इटालियन जमवले. दुकानातल्या बटणांच्या डब्याशेजारी त्यांना एक वेगळा डबा मिळाला. इकडे सरांचे हात थरथरायला लागले. सैनिक पुढे सरकवताना शेजारचे चार आडवे व्हायचे, आणि डॉक्टर म्हणायचे, "सर, मला गोळी वाया घालवू देत नाही तुम्ही." एका रविवारी सरांनी जाहीर केलं की सैन्य ते देऊन टाकणार. तोडून नाही, सगळं एकाला. आणि तो एकजण मास्तर किंवा डॉक्टर.

डॉक्टरांकडे दिव्यांचं काचेचं कपाट होतं. मास्तरांकडे हात होते. मास्तरांना ते सैन्य किती हवं होतं ते त्यांनी कुणालाच बोलून दाखवलं नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं. "झोपेत माणसं मोजतात हो. मी म्हटलं गिऱ्हाइकं वाढली की काय! तर तीनशे बारावर येऊन थांबतात."

सरांनी परीक्षा ठेवली. दोघांना एकेक कोरा, अजून पिसं न चिकटवलेला पिसेवाला दिला आणि ज्या फोटोवरून सगळी पलटण रंगवली होती त्या जुन्या फोटोची एकेक प्रत दिली. पंधरा दिवसांत फोटोबरहुकूम रंगवून आणा. ज्याचा सैनिक माझ्या शहाण्णवांत मिसळून जाईल, सैन्य त्याचं.

त्याच आठवड्यात मी दुकानात पडद्यामागे नवी पँट घालून बघत होतो. एक पाय आत गेला होता, तेवढ्यात मास्तरांची हाक आली. मला नव्हे, वहिनींना.

"अगं, इकडे ये जरा. या कोटाची वरची पट्टी कुठल्या अंगाची आहे?"

वहिनी काजं करत होत्या. सुई न सोडता त्यांनी फोटोवर नजर टाकली. "उजव्या. बायकांचा कोट आहे."

"सैनिक आहेत ते."

"असतील. कोट बायकांचा आहे."

मी तसाच, एका पायावर, बाहेर आलो. मास्तरांनी फोटो मशीनच्या दिव्याखाली धरला होता. कोटाची बटणं पट्टीच्या आत झाकलेली, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. इथे उजवी डावीवर आली होती.

"शिंप्याची चूक असेल," मी म्हणालो.

"एकाचा कोट उलटा असता तर शिंप्याची चूक," मास्तर म्हणाले. "इथे अकरा माणसं आहेत. अकराच्या अकरा उलटे म्हणजे छापणाऱ्याची चूक. फोटोच उलटा छापलाय." मग ते खाली बसले. "म्हणजे पिसं फोटोत डावीकडे आहेत, पण खरी उजवीकडे. सरांचे शहाण्णवच्या शहाण्णव..."

त्यांनी फोटो मशीनवर पालथा ठेवला.

"मास्तर," मी म्हणालो, "तोंड बंद ठेवा. डावीकडे चिकटवा, सैन्य घरी आणा. मग सावकाश फिरवत बसा एकेकाची पिसं."

वहिनींनी दोरा दाताने तोडला. "उलटा कोट अंगावर बघून 'छान बसलाय' म्हणणारा शिंपी मी केला नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी दुसरा पाय घाला."

रविवारी हॉल भरला होता. डॉक्टरांचा सैनिक नव्या दाढेसारखा चकचकीत होता आणि पिसं डावीकडे. सरांनी भिंगातून बघितला, मान डोलावली. मग मास्तरांचा उचलला. कॉलरच्या टोकावरचा केसाएवढा किरमिजी पट्टा, गुडघ्यामागची चुणी, सगळं जिथल्या तिथे. सरांचं भिंग वर वर सरकत टोपीपाशी थांबलं.

"मास्तर, तुमची पिसं उजवीकडे गेली."

"गेली नाहीत सर. होती तिथे आली."

कुणीतरी खोकलं. सरांचा आवाज भूगोलाच्या तासाला लागायचा तसा लागला. "चाळीस वर्षं बघतोय मी हा फोटो."

"बघताय सर. पण तुम्ही टोपी बघत होतात. मी कोट बघितला." मास्तरांनी सरांच्याच शर्टाकडे बोट केलं. "ही पट्टी बघा, डावी वर. आता फोटोत बघा. एवढी पलटण काय घाईघाईत घरातल्या बायकांचे कोट घालून लढाईला निघाली होती?"

हसणं फुटणार होतं, पण सर हसले नाहीत म्हणून सगळ्यांनी ते गिळलं. ते उठले आणि फोटो घेऊन थेट वॉशबेसिनकडे गेले. तिथे आरसा आहे. आम्ही सगळे मागोमाग. त्या बेसिनपाशी एरवी दोन माणसं मावत नाहीत, तिथे चौदा जण एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत उभे. सरांनी फोटो आरशासमोर धरला. आरशात अकरा माणसं सरळ कोट घालून उभी होती आणि पिसं होती उजवीकडे.

"अरेच्चा!" डॉक्टर म्हणाले. माणूस सज्जन. स्वतःचा सैनिक त्यांनी तिथल्या तिथे खिशात घातला.

सर परत टेबलाशी आले, थरथरत्या हातांनी एकेक सैनिक खोक्यात ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि निघून गेले.

"बरोबर होतात हो तुम्ही," डॉक्टर मास्तरांना म्हणाले. "पण बोललात कशाला? आता तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

"कापड कापलं ते कापलं," मास्तर म्हणाले.

पुढच्या लढाईला सर आले नाहीत. मास्तर आले, आपले सोळा घेऊन खेळले आणि दुपारपर्यंत हरले. मी खोदून विचारलं, वाईट वाटतंय का म्हणून. "वाटतंय ना," ते सरळ म्हणाले. "पण परत विचारलं तर पिसं उजवीकडेच सांगणार."

गुरुवारी सकाळी मी दुकानात असतानाच सर आले. दोन्ही हातांत कापडी पिशव्या. आत आल्यावर नमस्कार नाही, विचारपूस नाही. पिशव्या कटिंगच्या टेबलावर ठेवून ते स्टुलावर टेकले.

"आल्टरला टाकायचेत," ते म्हणाले. "पिसं डावीकडून उजवीकडे. उसवताना टोपीचा रंग जायला नको."

"नाही जाणार."

"एक करून दाखवा आधी."

मास्तरांनी ब्लेडच्या टोकाने झुबका अलगद सोडवला, उघड्या पडलेल्या जागी काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि झुबका दुसऱ्या अंगाला बसवला. एवढा वेळ सरांनी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. तो सैनिक हातात घेऊन त्यांनी दाराच्या उजेडात धरला, उरलेल्यांशेजारी ठेवला, परत उचलला.

"छ्या," ते म्हणाले. "हा बरोबर झाला आणि पंचाण्णव चुकीचे दिसायला लागले."

"होतील तेही."

"डॉक्टरांना मी कालच सांगून आलो. कपाट फार छान आहे त्यांचं. पण कपाट माझ्या चुका काढणार नाही."

हे वाक्य नेमकं कुठे चाललंय ते मला कळलं. मास्तरांना कळलं नाही. ते आपल्या कामात होते. त्यांनी सवयीने पावतीबुक ओढलं, कानामागचं पेन काढलं.

"शहाण्णव नग," ते लिहीत म्हणाले.

"तीनशे बारा."

"पण सर, पिसं शहाण्णवांनाच आहेत."

"मग उरलेल्या दोनशे सोळांना काय घरी एकटं ठेवू?"

मास्तरांनी आकडा खोडला आणि नवीन लिहिला. "नाव सरांचं..."

"तुमचं घाला."

पेन तिथेच थांबलं. मास्तरांनी वर बघितलं. सर रस्त्याकडे बघत होते, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललंय. माझी कंबर बेधडक लिहून घेणाऱ्या माणसाने पेनचं टोपण लावलं आणि परत काढलं.

"अहो, लिहा ना," वहिनी मागून म्हणाल्या. "स्वतःचं नाव विसरलात की काय?"

मास्तरांनी लिहिलं.